‘इथे काय आहे?’ : पोरांच्या मागे जाऊन पाहिलेले आपले आदिलाबाद



१५ ऑगस्टला जोडून चार दिवसांची सुट्टी आली आणि आमची दोन नातवंडे पुण्याहून बाजारहत्नूरला आली. पहिला दिवस लाडू-चिवड्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्याने मोबाईलमधून डोके वर काढून विचारले, "आजोबा, इथे काय आहे?" आम्ही दोघांनी एकाच वेळी उत्तर दिले, "इथे काय असणार बाळा, खेडेगाव आहे." पोराने मान हलवली आणि पुन्हा मोबाईलमध्ये घातली.

ते उत्तर आम्ही तीस-पस्तीस वर्षे देत आलो आहोत. बँकेच्या नोकरीत बदल्या झाल्या, तिथल्या सहकाऱ्यांनी गावाबद्दल विचारले की हेच सांगायचो. मुलांना शिकायला बाहेर पाठवतानाही हेच म्हणालो. मुलांनी ते खरे मानले आणि आता ती त्यांच्या मुलांना तेच सांगतात.

त्या दिवशी दुपारी आमचा पुतण्या आला. वय तेवीस, मोटारसायकल जुनी, उत्साह नवा. तो दोघांना घेऊन गिरनूरच्या रानात गेला. संध्याकाळी पोरे चिखलाने माखून परतली आणि जेवताना गप्प बसेनात. पुण्याला जाताना धाकटी रडली. आम्ही पुतण्याला विचारले, "काय दाखवलेस रे त्यांना?" तो म्हणाला, "काका, विशेष काही नाही. आम्ही मित्र रविवारी जिथे जातो तिथेच नेले. तुम्ही एवढ्या लोकांची खाती पाहिलीत, आपले रान पाहिलेत का?"

खरे सांगायचे तर नव्हते पाहिले.

प्रश्न कोणाला विचारायचा

त्याच सुमारास आमची भाची मैत्रिणींबरोबर थायलंडच्या उत्तरेकडील चिआंग माई शहरात जाऊन आली. हे शहर १२९६ साली मंगराई राजाने वसवले. जुन्या शहराभोवती चौकोनी खंदक आहे, आजूबाजूला डोंगर आणि सागाचे रान. सहल कंपनीच्या यादीत देवळे, हत्ती आणि बाजार एवढेच होते. दोन दिवसांनी भाचीने यादी बाजूला ठेवली आणि मुक्कामाच्या घरातल्या कॉलेजकुमारीला विचारले, "तू सुट्टीत काय करतेस?"

ती मुलगी त्यांना विद्यापीठाच्या आवारातल्या तळ्याकाठी सूर्यास्ताला घेऊन गेली. नारळाच्या दुधातल्या रश्श्यात शेवया आणि वर कुरकुरीत शेवया घातलेले ‘खाओ सोई’ एका साध्या टपरीत खाऊ घातले. मागे दोन बाक असलेल्या लाल गाड्या हात करून कशा थांबवायच्या ते शिकवले. रविवारी संध्याकाळी वाहने बंद करून जुन्या शहरातल्या रस्त्यावर बाजार भरतो, तिथे फिरवले. भाची म्हणाली, "मामा, खर्च निम्म्याहून कमी झाला आणि शहर मात्र दुप्पट दिसले."

आम्हाला हे पटले. एखाद्या गावात काय आहे हे पाहुण्यांच्या यादीवरून कळत नाही. तिथल्या पोरांना विचारावे लागते, कारण त्यांच्याकडे पैसे कमी असतात, वेळ असतो आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा जाण्याचा कंटाळा नसतो. तेव्हापासून वर्षभर आम्ही दोघे पुतण्या आणि त्याच्या मित्रांच्या मागे फिरलो. जे शिकलो ते ऋतूंप्रमाणे सांगतो. सुट्टीत घरी येणाऱ्या मुला-नातवंडांना उपयोग होईल, आणि "इथे काय आहे" म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनाही.

पहिला धडा : भाड्याची कार नको

पाहुणे आले की आपण इचोड्याहून किंवा आदिलाबादहून कार बोलावतो. काच वर, एसी चालू, आणि राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून सरळ. पोरे तसे करत नाहीत. ती आरटीसीच्या ‘पल्ले वेलुगु’ बसने किंवा शेअर ऑटोने जातात. बसमध्ये शेजारी कोण बसेल याचा नेम नाही. कापूस विकून परतणारा शेतकरी असतो, उटनूरला निघालेली शिक्षिका असते, मांडीवर कोंबडी घेतलेली आजी असते. एका तिकिटात तेलुगू, मराठी, गोंडी आणि दखनी हिंदी अशा चार भाषा ऐकायला मिळतात.

शिवाय ९ डिसेंबर २०२३ पासून ‘महालक्ष्मी’ योजनेत तेलंगणातल्या महिलांना पल्ले वेलुगु आणि एक्स्प्रेस बसमध्ये प्रवास मोफत आहे. राज्यातला पत्ता असलेले आधार कार्ड दाखवले की शून्य रुपयांचे तिकीट मिळते. आमच्या सौभाग्यवती आता म्हणतात, "तुमचे तिकीट तुम्ही काढा, माझे सरकारने काढले आहे." पुण्या-मुंबईहून येणाऱ्या सुना-नातींचे कार्ड महाराष्ट्राचे असेल तर मात्र त्यांना तिकीट काढावे लागेल, हे आधीच सांगून ठेवा.

एक पथ्य आहे. आतल्या गावांकडे बस कमी असतात. जातानाच वाहकाला परतीची शेवटची बस विचारून घ्यावी. पोरे हे न चुकता करतात, आम्ही एकदा विसरलो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून घरी आलो.

पावसाळा : आपल्या दारातले पाणी

धबधबा म्हटला की सगळ्यांना कुंताला आठवतो, आणि ते योग्यच आहे. नेरडीगोंडा मंडलात कडम नदी १४७ फुटांवरून, म्हणजे सुमारे ४५ मीटरवरून खाली येते. पायथ्याशी जायला शेकडो पायऱ्या उतराव्या लागतात. उतरताना हसणारे आमच्यासारखे लोक चढताना दर वीस पायऱ्यांवर ‘निसर्ग पाहायला’ थांबतात. दुष्यंताच्या शकुंतलेवरून हे नाव पडले असे लोक सांगतात. जवळ सोमेश्वराचे स्थान आहे आणि महाशिवरात्रीला तिथे गर्दी लोटते. बोथ मंडलातला पोचेरा उंचीला कमी, सुमारे वीस मीटर, पण पसरट आणि खोल. दोन्ही एका दिवसात होतात.

पोरे मात्र रविवारी कुंतालाला जात नाहीत. "काका, तिथे हैदराबादच्या गाड्या असतात," असे ती सांगतात. ती जातात आपल्याच मंडलातल्या गिरनूरजवळच्या कनकाईला. काही जण त्याला कनकदुर्गा धबधबा म्हणतात. गाडी गावाकडे ठेवायची आणि रानातल्या पायवाटेने चालत जायचे. तिथे एक नाही, पाण्याच्या तीन जागा आहेत. त्यातल्या ‘बंडा रेवु’ला पाणी रुंद खडकावरून उतरून मोठ्या डोहात पडते. दुसऱ्या एका जागेचे नाव ‘चीकटी गुंडम’. चीकटी म्हणजे तेलुगूत अंधार. नाव ऐकूनच जपून राहावे.

आम्ही बाजारहत्नूरला इतकी वर्षे काढली आणि कनकाई पहिल्यांदा वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पाहिली. पोरांनी काठावरच्या खडकावर आम्हाला बसवले, घरून आणलेली ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा काढला, आणि तासभर कोणी काही बोलले नाही. नुसता पाण्याचा आवाज. घरापासून एवढ्या जवळ आणि इतक्या उशिरा, याचे वाईटही वाटले.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. या डोहांत माणसे बुडाल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. कुंतालाच्या बाबतीत तर अनेकदा. बुडणारे बहुधा बाहेरून आलेले तरुण असतात. इथली पोरे काय करतात ते पाहा. ती पाण्याचा रंग बघतात. पाणी गढूळ झाले किंवा त्यातून काटक्या-पाला वाहून येऊ लागला, तर वरच्या डोंगरात पाऊस झाला असे समजून लगेच काठ सोडतात. शेवाळलेल्या खडकावर चप्पल घालून चढत नाहीत. डोहात उतरत नाहीत, काठच्या उथळ पाण्यात बसतात. आणि फोटोसाठी कड्याच्या टोकाला जात नाहीत. नातवंडांना पाठवताना एवढे पाठ करून घ्या, आणि बरोबर स्थानिक माणूस असल्याशिवाय पाठवू नका.

परतताना महामार्गावर भाजलेले मक्याचे कणीस, लिंबू-मीठ चोळून. ते चुकवू नये.

दसरा-दिवाळी : फुले आणि मोरपिसे

सर्वपित्री अमावस्येपासून नऊ दिवस बतुकम्मा असतो. ताटात तरवडाची पिवळी फुले आणि कुर्डूचे तुरे यांचे थर रचायचे, भोवती फेर धरायचा आणि शेवटी ती फुले पाण्यात सोडायची. आपल्या आया-आज्यांनी भुलाबाई बसवली, गाणी म्हटली, खिरापत ओळखायला लावली. इथे वाढलेल्या आपल्या मुली भुलाबाईही खेळतात आणि बतुकम्माही. त्यांना त्यात काही वेगळे वाटत नाही. पहाटे उठून शेताच्या बांधावर फुले तोडायला जाणे हा त्यांच्या दृष्टीने सणाचा सर्वांत मजेचा भाग आहे. बाहेरगावच्या नातींना संध्याकाळच्या फेरासाठी बोलावण्यापेक्षा पहाटेच्या फुलांसाठी बोलवा. चिआंग माईतही नोव्हेंबरच्या पौर्णिमेला लोक फुलांची द्रोणासारखी परडी दिवा लावून नदीत सोडतात. भाचीने त्याचे फोटो दाखवले तेव्हा आमची सौ. म्हणाली, "अगं, हे तर आपल्या तळ्यावरचेच."

दिवाळीच्या आधी गोंड गुड्यांमधून दंडारी सुरू होते. एका गावचे नाचे दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जातात, ते गाव त्यांना जेवू घालते, रात्रभर ढोल वाजतात. त्यातले गुस्साडी डोक्यावर मोरपिसांचा मोठा मुकुट आणि अंगाला राख लावून नाचतात. मारलवाईचे कनक राजू यांना या नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपल्या भागात सगळ्यांना अभिमान वाटला. २०२४ मध्ये ते गेले.

पुतण्याचा एक गोंड मित्र आम्हाला त्याच्या गुड्यावर घेऊन गेला. जाण्याआधी त्याने नियम सांगितले. गुस्साडी हे व्रत आहे, करमणूक नाही. त्यांना हात लावायचा नाही, मध्ये घुसायचे नाही, फोटो काढण्यापूर्वी पटेलांना विचारायचे. गेल्यावर "राम राम" म्हणायचे आणि दिलेला चहा घ्यायचा. आम्ही तसे केले. घोंगडी अंथरून आम्हाला बसवले गेले. निघताना त्या घरच्या म्हाताऱ्याने विचारले, "इतकी वर्षे शेजारी राहता, आधी का नाही आलात?" आमच्याकडे उत्तर नव्हते. शेतीच्या कर्जाच्या निमित्ताने या गुड्यांवर आम्ही अनेकदा गेलो होतो, पण वसुलीच्या जीपमधून.

याच सुमारास कोजागरीला जोडेघाटात कोमराम भीम यांचे स्मरण होते. निजामाच्या राजवटीशी लढताना १९४० साली ते तिथे धारातीर्थी पडले. २०१६ मध्ये आपल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि जोडेघाट त्यांच्याच नावाच्या जिल्ह्यात गेले, पण रस्ता तोच आहे. मुलांना तिथले संग्रहालय जरूर दाखवा.

थंडी : नागोबा

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा एक आकड्यात उतरतो. हैदराबादचे लोक तेलंगणातली थंडी पाहायला इकडे येतात. पोरांचा कार्यक्रम साधा असतो. शेतात शेकोटी, त्यात हरभऱ्याचा हुळा, आणि गप्पा. पाहुण्या मुलांना हॉटेलच्या खोलीपेक्षा ही रात्र जास्त लक्षात राहते, असा आमचा अनुभव आहे.

पौष अमावस्येला इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूरला नागोबाची जत्रा सुरू होते. मेसराम कुळाचे लोक पायी चालत जाऊन हस्तिनमडुगु येथून गोदावरीचे पाणी आणतात. पूजेची मडकी सिरीकोंड्याचे कुंभार घडवतात. कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी भेट घडवतात, त्याला ‘भेटिंग’ म्हणतात. तो विधी झाल्यावर ती सून कुळाची झाली. २०२२ मध्ये तिथे नवे दगडी देऊळ उभे राहिले, ते मेसराम कुटुंबांनी स्वतः वर्गणी काढून बांधले. बँकेत आयुष्य काढल्यामुळे आम्हाला त्या देवळाचे कोरीव काम जेवढे आवडले, तेवढीच ती वर्गणी आवडली.

जत्रेत महाराष्ट्रातून आणि छत्तीसगडमधूनही लोक येतात. १९५६ च्या भाषावार रचनेत किनवट तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. नागोबाच्या जत्रेत ती रेघ दिसत नाही. किनवटचा बांगडीवाला आणि उटनूरचा खेळणीवाला शेजारी बसलेले असतात आणि दोघेही चारही भाषांत भाव करतात. पोरे मुख्य दिवशी दर्शन घेतात, पण मजा करायला दोन दिवसांनी पुन्हा जातात, कारण तेव्हा गर्दी ओसरते, पाळण्यात बसायला रांग नसते आणि दुकानदारही बोलायला मोकळा असतो. हा सल्ला आम्ही पाळला आणि फायद्यात राहिलो.

उन्हाळा : पहाट आणि संध्याकाळ

आपल्याकडचा उन्हाळा सांगायला नको. दुपार घरातच काढायची. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये रानात पळस पेटलेला असतो आणि त्यामागोमाग मोह गळू लागतो. पहाटे झाडाखाली पिवळसर फुलांचा सडा आणि तो गोड, जड वास. गावकरी टोपल्या घेऊन वेचत असतात. ते झाड कोणाच्या तरी वहिवाटीचे असते, म्हणून विचारल्याशिवाय फुले उचलू नयेत. उटनूरकडच्या महिला मोहाच्या फुलांचे लाडू करून विकतात. पुण्याला परत जाणाऱ्यांच्या पिशवीत आम्ही आता बाकरवडीऐवजी ते घालतो. बाकरवडी त्यांच्याकडे मिळतेच.

संध्याकाळी आदिलाबाद शहर. पोरांचा क्रम ठरलेला आहे. महामार्गालगतच्या मावल्याच्या हरितवनात उन्हे उतरेपर्यंत चालणे, मग शहरात येऊन गाड्यावरची मिरपकाय बज्जी. आपल्या मिरची भज्याचीच ही बहीण, पण मिरची मोठी आणि वरून कांदा-लिंबू. नंतर विनायक चौक, आंबेडकर चौक असे रमतगमत, शेवटी चहा. एका चहावर तासभर बसता येते. आम्ही पूर्वी शहरात जायचो ते दवाखाना, कचेरी आणि कापसाचा बाजार यांसाठी. नुसते बसायला शहरात जाता येते, हे आम्हाला पोरांनी शिकवले.

घरच्या पोरांना काय विचारावे

वर्षभरात आम्हाला उमगलेल्या चार गोष्टी सांगतो.

एक, पाहुण्या मुलांना आपण फिरवू नये. त्यांच्याच वयाच्या गावातल्या पोरांच्या हवाली करावे आणि पेट्रोलचे पैसे आपण द्यावेत.

दोन, एका दिवसात एकच जागा. चार ठिकाणे धावत पाहण्यापेक्षा एका ठिकाणी चार तास बसावे.

तीन, रानातून अंधार पडण्यापूर्वी बाहेर पडावे. पैनगंगेपलीकडच्या टिपेश्वरचे वाघ नदी ओलांडून इकडे येतात, हे आता नवे राहिलेले नाही. प्लास्टिक परत आणावे आणि रानात काडी ओढू नये.

चार, भाषेची लाज सोडावी. आमच्या नातीला बसमध्ये एका आजीने तेलुगूत नाव विचारले. तिने मराठीत सांगितले. आजी हसून मराठीत म्हणाली, "अगं, मग सांग ना, कोणाची तू?" त्यानंतर सगळा प्रवास दोघी बोलत होत्या.

शेवटी थोडा हिशेब

बँकेत दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय होते. दहा वर्षे कोणी फिरकलेच नाही तर शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. लोकांना वाटते पैसे बुडाले. ते बुडत नाहीत. वारसाने कागद घेऊन यावे आणि मागावे, रक्कम परत मिळते. आम्ही कितीतरी म्हाताऱ्यांना अशी विसरलेली खाती पुन्हा चालू करून दिली आहेत.

आपल्या गावाचे खाते असेच पडून होते. शिल्लक भरपूर, व्यवहार शून्य, आणि वारसांना आपणच सांगत होतो की त्यात काही नाही.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मोठ्या नातवाचा फोन आला. आजीशी दोन शब्द बोलला आणि लगेच म्हणाला, "काकाला दे." पुतण्या आणि तो पंधरा मिनिटे बोलत होते. मोह कधी गळतो, पहाटे किती वाजता निघायचे, बूट कोणते आणायचे. आम्हाला कोणी काही विचारले नाही. आम्ही शेजारी बसून ऐकत होतो.